बाउन्स आणि तक्रारींचे खोटे अलर्ट: मर्यादा वाढवायची की मोजणी सुधारायची?

महापे

नमस्कार मंडळी. नवी मुंबईतून ईमेल मोहिमा चालवतो. ग्राहक ठाणे ते वाशी पट्ट्यातले: दोन कोचिंग क्लास, एक फर्निचर शोरूम आणि एक पॅथॉलॉजी लॅब. लॅबचे मेल ‘रिपोर्ट तयार आहे’ एवढेच कळवणारे, बाकी सगळे प्रचाराचे. पाठवणी ॲमेझॉन एसईएस या मेल पाठवणाऱ्या सेवेतून होते. इव्हेंट (मेल पोहोचला, परत आला, तक्रार झाली अशा नोंदी) एसएनएस या ॲमेझॉनच्या सूचनासेवेमार्गे आमच्या वेबहुकवर, म्हणजे त्या स्वीकारणाऱ्या वेब पत्त्यावर येतात आणि पुढे आकडे मोजणारा प्रोमीथियस व अलर्ट पाठवणारा अलर्टमॅनेजर. सोमवारी आणि बुधवारी सकाळी दहाला साधारण ४०,००० मेल जातात. इतर वेळी फक्त लॅबचे, दिवसाला ३००-४००.

सध्याचे अलर्ट असे:
– गेल्या तासातले बाउन्स (न पोहोचता परत आलेले मेल) भागिले गेल्या तासात पाठवलेले मेल, ५ टक्क्यांच्या वर
– तक्रारींचा (मेलला स्पॅम म्हणणाऱ्यांचा) दर ०.१ टक्क्याच्या वर
– ओपन रेट (मेल उघडणाऱ्यांचे प्रमाण) नेहमीच्या निम्म्याखाली
– १५ मिनिटांत एकही मेल गेला नाही

आठवड्याला शंभरेक अलर्ट वाजतात, त्यांतले कामाचे दोन-तीन. सगळ्यात जास्त सोमवारी आणि बुधवारी मध्यरात्रीच्या सुमारास. गणपतीत तर बाउन्सचे अलर्ट दुपटीने वाढले, याद्या त्याच असूनही. आता ड्यूटीवरची मंडळी ग्रुपच म्यूट करून ठेवतात, आणि मला खरी भीती त्याची वाटते. बाउन्सची मर्यादा ५ वरून १० करावी असा एक विचार आहे. योग्य ठरेल का?

तलावपाळी

मर्यादेला हात लावू नका. एसईएस ५ टक्क्यांना खातं निरीक्षणाखाली घेऊ शकतं आणि १० टक्क्यांना पाठवणी थांबवू शकतं. अलर्ट १० वर नेला तर तो आणि बंदी बरोबरच येतील.

तुमचा पहिला नियम वाचतानाच चूक दिसते. अंश एका गठ्ठ्याचा आहे आणि छेद दुसऱ्याच गठ्ठ्याचा. सकाळी दहाला ४०,००० मेल निघाले. त्यातल्या काहींना समोरचा सर्व्हर ४२१ किंवा ४५१ देतो, म्हणजे ‘आत्ता नको, नंतर या’. एसईएस त्यांच्यासाठी पुन:पुन्हा प्रयत्न करतं, पण वेगळी सेटिंग केली नसेल तर १४ तासांनी सोडून देतं. दहा अधिक चौदा, म्हणजे बरोबर मध्यरात्र. त्या तासात सकाळचे ६० मेल बाउन्स म्हणून परत आले आणि लॅबचे नवे मेल गेले १२, तर तुमचं सूत्र ५०० टक्के बाउन्स दाखवणार. सूत्राने भागाकार बरोबरच केला. तुम्ही त्याला भागायला चुकीच्या संख्या दिल्या.

म्हणून तासाचा हिशेब सोडा, मोहिमेचा धरा. पाठवताना प्रत्येक मेलला एसईएसचा मेसेज टॅग लावा आणि त्यात मोहिमेचा क्रमांक घाला. कॉन्फिगरेशन सेटमधून (एसईएसमधला पाठवणीच्या सेटिंगचा गट) इव्हेंट प्रसिद्ध केले की प्रत्येक बाउन्सबरोबर तो टॅग परत येतो. मग दर म्हणजे त्या मोहिमेचे बाउन्स भागिले त्याच मोहिमेत पाठवलेले, बाउन्स तासाने येवो की दुसऱ्या दिवशी. प्रोमीथियसमध्ये मोहिमेचा क्रमांक लेबल म्हणून चालेल, फक्त गेल्या ७ दिवसांतल्याच मोहिमा बाहेर दाखवा. घेणाऱ्याचा पत्ता मात्र लेबलमध्ये कधीही घालू नका, मेमरी खाऊन टाकेल आणि गोपनीयतेचा प्रश्न वेगळाच.

आता गणपतीचं कोडं. एसईएसच्या बाउन्समध्ये प्रकार असतात: पर्मनंट (कायमचा), ट्रान्झिएंट (तात्पुरता) आणि अनडिटरमाइंड (न ठरलेला). समोरच्याने ‘रजेवर आहे’ असं आपोआप जाणारं उत्तर लावलं असेल तर ते कधीकधी ट्रान्झिएंट-जनरल बाउन्स म्हणून तुमच्याकडे येतं. ठाण्यातला अर्धा माणूस त्या आठवड्यात कोकणात असतो, आणि तुमचं वेबहुक त्यांचं प्रत्येक उत्तर मेलेला पत्ता म्हणून मोजतं. दिवाळीतही हेच होईल. दराच्या अंशात फक्त पर्मनंट घ्या.

पर्मनंटमध्येही एक चाळणी हवी. उपप्रकार ‘ऑन अकाउंट सप्रेशन लिस्ट’ असेल तर तो मेल एसईएसने पाठवलाच नाही, कारण पत्ता तुमच्याच दडपयादीत (ज्यांना पाठवायचं नाही अशा पत्त्यांच्या यादीत) आहे. एसईएस तो स्वतःच्या बाउन्स दरात धरत नाही, तुम्हीही धरू नका. त्याचा वेगळा आकडा ठेवा आणि आठवड्यातून एकदा पाहा. तो वाढत असेल तर ग्राहक जुनी एक्सेल शीट पुन्हा पुन्हा वर चढवतोय असं समजा.

तिसरी गळती दुहेरी मोजणीची. एसएनएस प्रत्येक संदेश ‘किमान एकदा’ पोहोचवण्याची हमी देतं, ‘एकदाच’ची नाही. तुमच्या वेबहुकने वेळेत २०० चं (‘मिळालं’ असं) उत्तर दिलं नाही तर तोच इव्हेंट पुन्हा येतो. आणि ४०,००० मेलच्या पहिल्या काही मिनिटांतच वेबहुक दमतं, म्हणजे दुहेरी मोजणी नेमकी गर्दीच्या वेळी होते. मेसेज आयडी, पत्त्याचा हॅश (पत्त्यापासून बनवलेला सांकेतिक क्रमांक) आणि इव्हेंटचा प्रकार मिळून एक किल्ली करा, रेडिस या जलद माहितीसाठ्यात ७ दिवस ठेवा, आधीपासून असेल तर मोजू नका. वेबहुकने इव्हेंट रांगेत टाकून लगेच २०० द्यावं, प्रक्रिया मागाहून.

ओपन रेटचा अलर्ट काढून टाका. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १५ बरोबर मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन आणलं. तेव्हापासून ते वापरणाऱ्यांच्या मेलमधली चित्रं माणसाने मेल न उघडताही आधीच उतरवून घेतली जातात. जो आकडा माणसाच्या वागण्यावर अवलंबून नाही, त्यावर रात्री कुणाला उठवायचं नाही.

‘१५ मिनिटांत मेल नाही’ हा नियम वेळापत्रकाला बांधा. मोहिमेची स्थिती ‘चालू’ आहे, रांगेत मेल शिल्लक आहेत आणि तरीही १५ मिनिटांत एकही गेला नाही, अशा तिन्ही अटी एकत्र जुळल्या तरच वाजवा. मोहीम नसताना शांतता असणारच.

येऊर

वरचं सगळं मान्य, पण तेवढ्याने भागणार नाही. अंश-छेद जुळला तरी छेद लहान असेल तर दर उड्या मारतो. ५ टक्के बाउन्स तीन आकारांच्या मोहिमांत पाहा. ९५ टक्के विश्वासाची विल्सन मर्यादा (खरा दर कोणत्या पट्ट्यात असेल ते सांगणारं संख्याशास्त्रातलं सूत्र) काढली तर:

४० पैकी २ बाउन्स: खरा दर १.४ ते १६.५ टक्क्यांत कुठेही
२०० पैकी १०: २.७ ते ९.०
२,००० पैकी १००: ४.१ ते ६.०

पहिल्या ओळीवर निर्णय घेणं म्हणजे नाणं उडवणं. तिसरीवर घेता येतो. माझ्या मते मोहिमेसाठी नियम असा असावा: किमान ५०० मेल गेलेले, किमान १५ पर्मनंट बाउन्स आणि दर ३ टक्क्यांच्या वर असेल तर ग्रुपवर संदेश. दर ५ च्या वर गेला तर फोन, आणि मोहीम आपोआप थांबवा. थांबवणं महत्त्वाचं, कारण ४०,००० ची मोहीम वेगाने जात असेल तर माणूस लॅपटॉप उघडेपर्यंत निम्मी संपलेली असते. शक्य असेल तर पहिले १,००० पाठवून २० मिनिटं थांबा आणि मग उरलेले सोडा. पत्ताच अस्तित्वात नसेल तर ५५० ५.१.१ हा नकार बहुतेक वेळा पहिल्याच प्रयत्नात मिळतो, त्यामुळे यादी खराब असली तर ती एवढ्यात उघडी पडते.

लॅबच्या मेलला हा नियम लावू नका. ५०० ची अट घातली तर लॅबचा अलर्ट कधीच वाजणार नाही, न घातली तर रोज वाजेल. तिथे टक्केवारीला अर्थच नाही, तिथे प्रत्येक बाउन्स म्हणजे रिपोर्ट न मिळालेला एक रुग्ण. बाउन्स झालेल्या पत्त्यांची यादी रोज सकाळी साडेआठला लॅबच्या काउंटरवर जाऊ द्या, त्यांनी फोन करून पत्ता दुरुस्त करावा. अलर्ट फक्त एका गोष्टीसाठी: लागोपाठचे १० मेल बाउन्स झाले तर. तेव्हा दोष पत्त्यांचा नसतो, पाठवणीचा असतो.

तक्रारींचंही हेच. ०.१ टक्का म्हणजे हजारी एक. ८०० मेलच्या मोहिमेत एकाने स्पॅमचं बटण दाबलं की ०.१२५ टक्के झाले आणि अलर्ट वाजला. किमान ३ तक्रारींची अट घाला.

त्यात आणखी एक फसगत आहे. जीमेल एकेका तक्रारीची सूचना पाठवणाऱ्याला देत नाही. म्हणजे तुमच्या अंशात जीमेलच्या तक्रारी शून्य, पण छेदात जीमेलचे मेल भरपूर. एसईएस स्वतः तक्रारीचा दर काढताना फक्त तक्रार कळवणाऱ्या डोमेनांचेच मेल धरतं. तुमचा आकडा आणि एसईएसच्या पानावरचा आकडा जुळत नसेल तर कारण बहुधा हेच. तुम्हीही छेदातून जीमेल वगळा. जीमेलसाठी गूगलचं पोस्टमास्टर टूल्स पाहा. फेब्रुवारी २०२४ पासूनच्या नियमांनुसार तिथला स्पॅम दर ०.१ टक्क्याखाली ठेवायचा असतो आणि ०.३ ला कधीच पोहोचू द्यायचा नसतो. ती माहिती दिवसाची एकत्र आणि उशिरा येते, त्यामुळे त्यावर रात्रीचा अलर्ट लावण्यात अर्थ नाही. रोज सकाळी अकराला एकदा तपासणी पुरे.

डोमेनवार मोजणीही करा. जीमेल, आउटलुक, याहू, रेडिफमेल असे मोठे पाच-सहा वेगळे आणि उरलेले सगळे एका ‘इतर’ खोक्यात. प्रत्येक लहान कंपनीच्या डोमेनला वेगळा अलर्ट दिलात तर पुन्हा पहिल्या जागी याल. डोमेनवार मोजण्याचा फायदा दोन्हीकडून आहे: एकूण दर १ टक्का दिसत असताना एकट्या रेडिफमेलवर ३० टक्के बाउन्स होत असतील तर तेही यातच सापडतं.

एसईएसच्या स्वतःच्या बाउन्स दरावरही क्लाउडवॉच या ॲमेझॉनच्या देखरेख सेवेत एक अलार्म ठेवा, शेवटचा बांध म्हणून. तो आकडा अपूर्णांकात असतो. ४ टक्क्यांसाठी ०.०४ लिहा. ४ लिहिलंत तर अलार्म जन्मात वाजणार नाही आणि सगळं आलबेल आहे असं वाटत राहील. ‘ट्रीट मिसिंग डेटा’ला (आकडा नसेल तेव्हा काय करायचं) ‘इग्नोर’ निवडा, म्हणजे मेल गेले नाहीत त्या वेळेत अलार्म आपली आधीची स्थिती बदलणार नाही.

महापे

दोघांचेही आभार. मोहिमेनुसार मोजणी, फक्त पर्मनंट आणि दुहेरी इव्हेंटची चाळणी, असा नवा नियम जुन्या ६० दिवसांच्या इव्हेंटवर चालवून पाहिला. मध्यरात्रीचे अलर्ट पूर्ण गेले, गणपतीचेही. खरे होते ते सगळे प्रसंग नव्या नियमात पकडले गेले.

दोन गोष्टी उरल्या. एक, शोरूमच्या मोहिमेत ऐरोली-घणसोलीकडच्या आयटी कंपन्यांचे बरेच पत्ते आहेत. मेल पोहोचल्यावर मिनिटभरात तिथून एकगठ्ठा अनसबस्क्राइब येतात आणि त्याचा अलर्ट वाजतो. ग्राहक म्हणतो, इतके लोक एकाच क्षणी कसे कंटाळतील? दोन, काळ्या यादीची तपासणी करणारी आमची स्क्रिप्ट आमचा आयपी (सर्व्हरचा इंटरनेटवरचा क्रमांक) स्पॅमहाउस या स्पॅम पाठवणाऱ्यांच्या याद्या ठेवणाऱ्या संस्थेकडे नोंदलेला असल्याचं सांगते, आणि स्पॅमहाउसच्या संकेतस्थळावर पाहिलं तर नोंद नाही.

पारसिक

ग्राहकाचा प्रश्न अगदी बरोबर आहे. ती माणसं नाहीत, मेलची सुरक्षा तपासणी करणारी यंत्रं आहेत. मोठ्या कंपन्यांत मेल माणसापर्यंत जाण्याआधी किंवा पोहोचताच त्यातल्या लिंका उघडून पाहिल्या जातात. तुमची अनसबस्क्राइबची लिंक नुसती उघडली की नाव काढत असेल, तर यंत्राने लिंक तपासली आणि गिऱ्हाईक गेलं. म्हणजे इथे अलर्ट खोटा नाहीच. त्याने खरा बिघाड दाखवला, फक्त नाव चुकीचं सांगितलं.

दुरुस्ती: मजकुरातली लिंक उघडली की फक्त पान दिसावं आणि पानावरचं बटण दाबल्यावर पोस्ट विनंतीने (नुसती लिंक उघडून न जाणाऱ्या विनंतीने) नाव निघावं. हेडरमधल्या एका क्लिकच्या अनसबस्क्राइबसाठी आरएफसी ८०५८ हा इंटरनेटचा नियमदस्तऐवज पोस्टच सांगतो, आणि त्याचं कारण हेच आहे. जीमेल आणि याहू मोठ्या पाठवणाऱ्यांकडून हे हेडर मागतात, तेव्हा ते काढू नका. दोन्ही लिंकांचे पत्ते वेगळे ठेवा, म्हणजे कुठून किती आले ते कळेल.

क्लिकच्या आकड्यांतूनही ही यंत्रं बाजूला काढा. खूण अशी: मेल पोहोचल्यापासून काही सेकंदांत, मेलमधल्या सगळ्या किंवा जवळजवळ सगळ्या लिंका, एकाच झटक्यात. एकाच खुणेवर विसंबू नका, दोन जुळल्या तरच यंत्र म्हणा. काही जण यासाठी न दिसणारी लिंक पेरतात. मी ती सुचवणार नाही, कारण लपवलेला मजकूर हीच स्पॅमची जुनी खूण आहे आणि फिल्टर तिच्याकडे त्याच नजरेने पाहतात. आणि आधीच निघालेली नावं सरसकट परत यादीत घालू नका. त्यात कुणी खरोखर नको म्हटलेलं असू शकतं.

आता स्पॅमहाउस. तुमची स्क्रिप्ट ‘काहीही उत्तर आलं म्हणजे नोंद आहे’ असं धरत असणार. सर्व्हर ८.८.८.८ सारखा सार्वजनिक डीएनएस (नावांचे पत्ते शोधून देणारा सर्व्हर, म्हणजेच रिझॉल्व्हर) वापरत असेल तर स्पॅमहाउस १२७.२५५.२५५.२५४ असं उत्तर देतं. त्याचा अर्थ ‘सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून विचारू नका’ एवढाच. १२७.२५५.२५५.२५५ म्हणजे फार वेळा विचारलंत, आणि १२७.२५५.२५५.२५२ म्हणजे यादीचं नाव लिहिताना चूक झाली. स्पॅमहाउसच्या आयपींच्या ‘झेन’ नावाच्या यादीत खरी नोंद १२७.०.०.२ पासूनच्या उत्तरांनी कळते. सर्व्हरवर अनबाउंड हा प्रोग्रॅम बसवून स्वतःचा रिझॉल्व्हर वापरा, आणि १२७.०.०. ने सुरू होणारं उत्तरच नोंद म्हणून धरा. १२७.२५५ ने सुरू होणाऱ्यासाठी वेगळा संदेश: ‘तपासणीच बिघडली’.

त्याहून पक्का उपाय म्हणजे प्रत्येक यादीची आधी परीक्षा घेणं. आरएफसी ५७८२ नुसार प्रत्येक यादीत १२७.०.०.२ ची नोंद असायलाच हवी आणि १२७.०.०.१ ची नसायलाच हवी. हे दोन प्रश्न आधी विचारा. पहिल्याला ‘नाही’ किंवा दुसऱ्याला ‘हो’ आलं तर त्या दिवशी ती यादी बाद. बंद पडलेल्या याद्या अशाच सापडतात. एएचबीएल ही यादी बंद झाल्यावर २०१५ च्या सुरुवातीला प्रत्येक आयपीला ‘नोंद आहे’ म्हणू लागली होती, आणि सॉर्ब्स जून २०२४ मध्ये बंद झाली. जुन्या स्क्रिप्टमध्ये अशी नावं राहून जातात. तुमची यादी एकदा डोळ्यांखालून घाला.

उत्तर १२७.०.०.१० किंवा ११ असेल तर ती धोरण यादी आहे. त्यात घरगुती आणि ऑफिसच्या साध्या ब्रॉडबँडचे आयपी मुद्दाम ठेवलेले असतात. स्क्रिप्ट चुकून महापेतल्या ऑफिसच्या राउटरचा आयपी तपासत नाही ना, तेही पाहा.

तलावपाळी

मोजणी दुरुस्त झाली आहे, तर आता अलर्टमॅनेजर.

ग्रुपिंग मोहिमेवर करा, डोमेनवर नको. एका मोहिमेत सहा डोमेन बिघडली तर एकच संदेश यावा, सहा ओळींचा. ‘ग्रुप वेट’ (पहिला संदेश पाठवण्याआधीची वाट) मुळात ३० सेकंद असतो, तो २ मिनिटं करा. ‘रिपीट इंटर्व्हल’ (तोच संदेश पुन्हा पाठवण्याचं अंतर) मुळातले ४ तास ठीक आहेत.

रूलमध्ये ‘फॉर’ (अट किती वेळ सलग जुळली की वाजायचं) १० मिनिटं ठेवा. एक खोच: मधेच एक-दोन वेळा आकडा मिळाला नाही तर त्याचं घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं, आणि वाजत असलेला अलर्ट ‘सुटला’ असं सांगून थोड्या वेळाने परत येतो. त्यासाठी ‘कीप फायरिंग फॉर’ (अट सुटल्यावरही अलर्ट किती वेळ चालू ठेवायचा) १५ मिनिटं लावा, प्रोमीथियस २.४२ पासून आहे.

दाबण्याचे नियमही लिहा. ‘वेबहुक बंद’ वाजत असेल तर त्याच ग्राहकाचे बाकीचे अलर्ट गप्प राहावेत. ‘इक्वल’मध्ये (दोन्ही अलर्टवर सारखं काय हवं) ग्राहकाचं लेबल द्याल तेव्हा ते दोन्ही अलर्टवर खरंच आहे ना हे तपासा. दोन्हीकडे लेबल नसेल तरी अलर्टमॅनेजर ते सारखंच समजतो, आणि मग एका ग्राहकाच्या बिघाडाने सगळ्यांचे अलर्ट दबतात.

वेळेचा गोंधळ वेगळा. प्रोमीथियस यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतो, म्हणून ‘आजचा’ हिशेब आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो. लॅबच्या सकाळच्या यादीत आदल्या रात्रीचे मेल दोन दिवसांत फुटलेले दिसतील, तेव्हा ती यादी भारतीय वेळेने काढा. अलर्टमॅनेजरच्या वेळ-नियमांत ‘एशिया/कोलकाता’ थेट लिहिता येतं.

आणि इतके अलर्ट गप्प केल्यावर खरा वाजतो का, हे दर महिन्याला तपासाच. एसईएसच्या मेलबॉक्स सिम्युलेटरला (चाचणीसाठीच्या खोट्या पत्त्यांना) बाउन्सचे २० मेल एका चाचणी मोहिमेतून पाठवा. ते एसईएसच्या बाउन्स दरात धरले जात नाहीत, पण इव्हेंट मात्र नेहमीच्याच वाटेने येतात. त्या मोहिमेसाठी किमान संख्येची अट १० ठेवा आणि फोन वाजेपर्यंत घड्याळ लावा. क्लाउडवॉचच्या अलार्मची परीक्षा यातून होणार नाही, त्यासाठी त्याची मर्यादा थोडा वेळ खाली आणावी लागेल.

शेवटचा एक नियम उलट्या बाजूचा. ४०,००० च्या मोहिमेत तासाभरात एकही पर्मनंट बाउन्स नाही, असं दिसलं तर तोही अलर्ट हवा. इतकी स्वच्छ यादी नसते. बहुतेक वेळा एसएनएसची सदस्यता तुटलेली असते किंवा नव्या कॉन्फिगरेशन सेटला इव्हेंटचा पत्ता जोडायचा राहिलेला असतो. आधी ते दोन पाहा, मग वेबहुकचे लॉग.